शेवटची गाडी सुटेपर्यंत

सावरखेडचे महाविद्यालय शोधत कोणी आला, तर त्याने जिनिंग कुठे आहे असे विचारावे. नुसते कॉलेज विचारले तर लोक भलतीकडे पाठवतील. तेल्हाऱ्याच्या रस्त्याला आता फार्मसीच्या, आयटीआयच्या आणि स्पर्धा परीक्षा केंद्रांच्या पाट्या झाडांपेक्षा जास्त झाल्या आहेत. 'जिनिंगमधले कॉलेज' म्हटले, की कोणीही दारापर्यंत आणून सोडतो. कापसाची जिनिंग बंद पडली तेव्हा तिची लांबलचक पत्र्याची शेड नत्थुजी ढोकणे यांनी संस्थेसाठी मिळवली, मध्ये विटांच्या भिंती घालून वर्ग पाडले आणि वर 'कला व वाणिज्य महाविद्यालय' अशी पाटी लावली. भिंती छताला भिडलेल्या नाहीत. त्यामुळे इतिहासाच्या वर्गात बसलेल्याला शेजारचे अर्थशास्त्रही ऐकावे लागते, आणि परीक्षेत एखादा दोन्हींची खिचडी करून ठेवतो. वैशाखात वारा उठला की छताच्या लोखंडी कैच्यांत अडकलेली जुनी रुई अजून खाली उतरते. नव्या प्राध्यापकाच्या डोक्यावर ती पडली, की जुने लोक म्हणतात, "आता तुमची नेमणूक पक्की झाली."

हे महाविद्यालय कधी फार वाढले नाही. बंदही पडले नाही. विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत इथले नाव क्वचितच झळकले. पण आसपासच्या खेड्यांतल्या अंगणवाडी सेविका, तलाठी, शिक्षिका, बचत गटांच्या अध्यक्षा यांना विचारा; निम्म्याअधिक जणी जिनिंगमधूनच शिकून गेलेल्या निघतील. त्याचे कारण या महाविद्यालयाच्या एका रिवाजात आहे. तो माहितीपत्रकात छापलेला नाही, आणि तपासणीला समिती आली तेव्हाही त्याचा उल्लेख करायचे कोणाला सुचले नाही.

स्टाफरूममध्ये रोज दुपारी कोणीतरी विचारायचे, "आज गाडी कोणाची?"

अर्थ असा, की शेवटचा तास झाल्यावर मुलींबरोबर एसटी स्टँडवर कोणी जायचे. तिथे जायचे, उभे राहायचे, खेड्यांकडे जाणारी शेवटची गाडी येऊन मुली चढल्या की घरी परतायचे. गाडीला उशीर झाला तर उशिरापर्यंत. ऊन असो, पाऊस असो.

हे सुरू केले नत्थुजींनी. स्वतः चौथी शिकलेला हा माणूस. पहिल्या वर्षी ते धोतर सावरत गावोगाव विद्यार्थी मागत हिंडले. मुले मिळाली. मुलगी एकही मिळेना. दापुऱ्याच्या पारावर एका म्हाताऱ्याने त्यांना तोंडावरच विचारले, "नत्थुजी, पोट्टी शिकन थे समदं ठीक हाये. पन कॉलेज सुटल्यावर गाडी येईलोक थे स्टँडवर कोनाच्या भरोशावर उभी राहीन?"

"माह्या," नत्थुजी म्हणाले.

"तुमी काय रोज उभे राहान?"

"रोज."

पारावरचे लोक हसले. नत्थुजी मात्र खरोखरच रोज उभे राहू लागले. उन्हाळ्यात काळी छत्री, हिवाळ्यात घोंगडी. संस्थेचा अध्यक्ष स्टँडवर उभा आहे हे पाहून कंडक्टर आधी चकित व्हायचे, मग थट्टा करू लागले, आणि शेवटी गाडी लागली की त्यांना रामराम घालूनच घंटी मारू लागले.

त्या पहिल्या मुलींमध्ये खापरखेडच्या बुधाजी तायडे यांची संध्या होती. बुधाजी बांधकाम खात्यात रस्त्यावर मजूर होते. नत्थुजी त्यांच्या वस्तीतही मुली मागायला आले, तेव्हा बुधाजींनी त्यांना विहाराच्या ओट्यावर बसवून पाणी दिले आणि विचारले, "पाटील, गावातल्या पोरींसाठी तुमी उभे राहान. आमच्या पोरीसाठी राहान काय?"

नत्थुजींनी तांब्या खाली ठेवला. "गाडी एकच हाये ना, बुधाजी?"

दाराआडून संध्या हे ऐकत होती. दापुऱ्यावरून खापरखेडला जाणाऱ्या त्या गाडीने ती पदवीपर्यंत शिकली, पुढे अमरावतीला एम.ए. झाली, आणि अर्थशास्त्राची अधिव्याख्याती म्हणून त्याच पत्र्याच्या शेडमध्ये परत आली. स्टँडवर तिची पहिली पाळी आली त्या दिवशी नत्थुजी शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, दुरून पाहू नका. गाडीच्या दाराशी उभ्या राहा. पोरगी पायरी चढली का थे पाहा, आन मंगच 'बसली' म्हना."

'बसली' हा शब्द तेव्हापासून चालत आला. आधी तो कंडक्टरबरोबर किंवा गाडीतल्या कोणा ओळखीच्या माणसाबरोबर गावात पोहोचायचा. पुढे पब्लिक फोन आले, मग मोबाइल आले. वावरात कापूस वेचणारा बाप, उन्हाळ्यात विहिरीवर मोटारीजवळ बसलेला भाऊ, फोन लावून एवढेच विचारायचे, "मॅडम, आमची बसली का?" आणि संध्या मॅडम सांगायच्या, "बसली." त्या एका शब्दावर बाप फोन खिशात ठेवून पुन्हा कामाला लागायचा. न बसलेल्या मुलीबद्दल हा शब्द या महाविद्यालयातून कधी गेला नव्हता.

नत्थुजी गेले. त्यांच्या बरोबरीचे प्राध्यापकही एकेक करून निवृत्त झाले. त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. तासिका तत्त्वावर जी मुले शिकवायला येतात ती अकोल्याहून मोटरसायकलने येतात आणि तास संपला की हेल्मेट घालतात. दोन ठिकाणी शिकवल्याशिवाय त्यांचे भागत नाही, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. एसटीच्या संपानंतर काही फेऱ्या बंद झाल्या त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. मोठ्या गावांतल्या मुली स्कुटीवर येऊ लागल्या. बसने येणाऱ्या उरल्या त्या दापुऱ्याच्या रस्त्यावरच्या. त्या आल्या नाहीत तर कला शाखेचे शेवटचे वर्ष भरणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि त्या येतात त्या संध्या मॅडमच्या भरवशावर, हेही. 'आज गाडी कोणाची' असे आता कोणी विचारत नव्हते. गाडी रोज मॅडमचीच होती, आणि मॅडम या सत्राअखेर निवृत्त होणार होत्या.

वाणिज्य शिकवणारा योगेश त्यांची थट्टा करायचा. "मॅडम, तुमी रिटायर झाल्या का स्टँडवर तुमचा पुतळाच बसवू. वर्गणी मी गोळा करतो."

"पुतळा कशाले? तूच उभा राह्य."

"मी उभा राहिलो तं अकोल्याच्या क्लासले कोन जाईन? माही गाडी कोन सोडन, मॅडम?"

मॅडम हसायच्या. पण घरी आल्यावर त्यांना वाटायचे, आपल्यानंतर त्या फोनला उत्तर देणारे कोणी नाही. उत्तर देणारे नसले की विचारणारेही थांबतील. विचारणारे थांबले की गाडी रिकामी जाईल.

दापुऱ्याची आचल ताथोड शेवटच्या वर्षाला होती. उंच, सडपातळ, कमी बोलणारी. पहिल्या तासाच्या आधी ती जिनिंगमागच्या मैदानावर धावत असे. पूर्वी तिथे कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या. महाविद्यालयाची सहल सेमाडोहच्या जंगलात गेली होती, तेव्हा तिने तिथे एक महिला वनरक्षक पाहिली. खाकी कपडे, हातात काठी, एकटीच जंगलाच्या वाटेने आपल्या हद्दीत निघालेली. परत येताना आचल खिडकीतून मागे जंगलाकडे पाहत राहिली. त्या दिवसापासून तिला वनरक्षकच व्हायचे होते.

तिचा बाप रामराव याच महाविद्यालयात मॅडमच्या हाताखाली शिकला होता आणि शेवटच्या वर्षी अर्थशास्त्रात नापास होऊन शेतीत गेला होता. मुलीचा विषय मॅडमनी एकदा त्याच्याकडे काढून पाहिला. तो म्हणाला, "मॅडम, बीए कराले मी कधी नाई म्हटलं नाई. मास्तरीन होऊ द्या, तलाठी होऊ द्या. पन जंगल? तिथं रोज सांजच्याले वाघाले फोन करून इचारू का, पोरगी दिसली का म्हून?"

यावर मॅडमलाही हसू आले होते. पण नकार पक्का होता.

जानेवारीतल्या एका दुपारी, गाडी यायची होती तेव्हा, आचल स्टँडवर मॅडमच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"मॅडम, उद्या माहा पेपर आहे. वनरक्षकाचा. अमरावतीले."

"घरी सांगितलं?"

"बाबांले नाई." ती जमिनीकडे पाहत म्हणाली. "सकाळच्या गाडीनं येतो, इथून अकोल्याची धरतो. वापस येईलोक दिवे लागतीन. इथून नीलमचा भाऊ गाडीवर घेऊन जाईन. बाबा ओलिताले वावरातच राह्यते, रातच्याले येते. फक्त त्यायचा फोन आला तं..."

"तं काय?"

"बसली म्हणजा."

तेवढ्यात गाडी वळणावरून आत आली. मुलींची गर्दी झाली, धूळ उडाली. मॅडम एवढेच म्हणाल्या, "चढ आधी." आचल चढली आणि दारातून वळून हसली. गाडी गेल्यावर मॅडमच्या लक्षात आले, की आपण नाही म्हटले नाही आणि पोरीने त्याचा होकार केला. आचलच्या घरच्या फोनवर हे बोलता येण्यासारखे नव्हते. संध्याकाळी तो फोन रामरावच्या खिशात असायचा.

दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम लवकर स्टँडवर आल्या. दापुऱ्याची गाडी लागली होती. आचल तिच्यातून उतरून केव्हाच अकोल्याच्या गाडीत चढली होती. इस्त्रीचा ड्रेस, मांडीवर पिशवी. काचेतून तिने हात वर केला. गाडी अजून उभी होती. दाराशी जाऊन 'उतर' म्हणणे सहज शक्य होते. मॅडम दाराशी गेल्याही. पण तिथे गेल्यावर त्यांच्या तोंडून निघाले ते, "ओळखपत्र घेतलं का?" आचलने मान हलवली. कंडक्टरने घंटी मारली.

त्या दिवशी वर्गात मागणी आणि पुरवठा शिकवताना त्या दोनदा अडखळल्या. दुपारी योगेश हेल्मेट हातात घेऊन निघाला होता. त्यांचा चेहरा पाहून थांबला. मॅडमनी त्याला सगळे सांगितले. ऐकून तो म्हणाला, "एवढंच ना? एकच शब्द आहे, मॅडम. म्हणून टाका. पोट्टी येऊन जाईन आन रामराव झोपूनही जाईन."

"आज आचलसाठी म्हणीन. उद्या एखादी पोरगी खरंच कुठं गेली, कोणी नेली, आन तिच्या बापानं मले इचारलं, तं माह्या शब्दाले काय अर्थ राहीन?"

"आन खरं सांगितलं तं? आचलचं कॉलेज उद्यापासून बंद. तिच्यापाठी दापुऱ्याच्या समद्या पोरींचं. फोनवर ऐकून रामराव काय शांत बसन?" योगेशचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "शब्द वाचवता वाचवता पोरीच जातीन ना, मॅडम."

तेही खरे होते. मॅडमनी छत्री उचलली आणि मुलींबरोबर स्टँडकडे निघाल्या. योगेशही का कोण जाणे, मोटरसायकल हाताने ढकलत मागे आला.

गाडी आत शिरायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली. पडद्यावर रामराव ताथोड. मॅडम दाराशी उभ्या होत्या. मुली चढत होत्या. आचलची मैत्रीण नीलम सगळ्यात शेवटी, पायरीवर पाय ठेवून त्यांच्याकडे पाहत होती. फोन कोणाचा ते तिला कळले होते. फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजू लागला.

मॅडमनी दांडी धरली आणि गाडीत चढल्या.

कंडक्टर तिकिटांची मशीन छातीशी धरून बघतच राहिला. "मॅडम, तुमी? मंग आज गाडी कोन सोडन?"

"थे सर उभे आहेत ना," मॅडम म्हणाल्या. खाली योगेश मोटरसायकलला टेकून उभा होता. "योगेश, गाडी सुटेपर्यंत थांब."

गाडी सुटली तेव्हा त्यांनी फोन उचलला. "रामराव, मी गाडीत आहे. दापुऱ्याले येऊन राहिली. तिथंच बोलते."

पलीकडे विहिरीवरची मोटार बंद झाल्याचा आवाज आला. मग, "पोरगी बरी हाये ना?"

"बरी आहे."

खिडकीबाहेर हरभऱ्याचे हिरवे आणि कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीचे करडे तुकडे मागे जात होते. उत्तरेला सातपुडा धुरकट निळा दिसत होता. याच खिडकीशी बसून त्यांनी कितीदा पुस्तक उघडले होते आणि धक्क्यांनी अक्षरे दिसेनात म्हणून मिटले होते. शिकत होत्या तेव्हा त्यांना वाटायचे, नत्थुजी आपल्यावर लक्ष ठेवतात. गाडी वळली तरी धोतरातली ती आकृती मागे उभी दिसायची. बापाचा हेर असावा तसा म्हातारा उभा राहतो, असे एक मैत्रीण म्हणायची, आणि सगळ्या खिदळायच्या. आज मॅडमला वाटले, आचलच्या वयाच्या पोरींना आपणही तशाच दिसत असू. आपण हेर आहोत की कोण आहोत, हे त्यांनी स्वतःला इतक्या वर्षांत नीट विचारले नव्हते.

दापुऱ्याच्या थांब्यावर रामराव उभा होता. पिकाला पाणी देता देता ओलितातून तसाच आला होता. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, हातात फावडे. मुली उतरल्या. नीलम खाली मान घालून निघून गेली. मग मॅडम उतरल्या. रामराव त्यांच्या खांद्यावरून दाराकडे पाहत राहिला. दारात कोणी नव्हते. गाडी खापरखेडकडे गेली.

"आचल?"

"अमरावतीले गेली. वनरक्षकाचा पेपर होता. सकाळी गेली, दिवेलागणीले सावरखेडले येईन." मॅडम थांबल्या, आणि उरलेले सांगून टाकले. "मले कालपासून माहीत होतं. सकाळी मी तिले गाडीत पाहिलं. जाऊ दिलं."

पानाच्या ठेल्यावरचे लोक वळून पाहू लागले होते. रामरावचा चेहरा आवळत गेला. ओरडणार असे वाटले, पण तो ओरडला नाही. म्हणाला, "घरी चला."

घरी जमुना ओसरीवर तूर पाखडत होती. मॅडमना नवऱ्यामागून येताना पाहून तिच्या हातातले सूप तसेच राहिले. रामरावने खुर्ची आणून ठेवली, स्वतः पायरीवर बसला, चिखलाच्या पायांनी.

"मॅडम, मी तुमचा नापास पोट्टा. पन एक सांगतो. तुमी फोनवर 'बसली' म्हटलं असतं तं मी इचार न करता मानलं असतं."

"म्हणूनच फोनवर नाई बोलली."

"पन मी नाई म्हटलं होतं, थे तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"मंग थांबवलं काहून नाई?" आता आवाज चढला. "पोरगी गाडीच्या दारात, तुमी समोर. थांबवाले काय लागत होतं? आमी पोरी धाडतो थे तुमी तिथं उभ्या राहता म्हून ना? का उगाच उभ्या राहता?"

मॅडम विद्यार्थ्यांच्या आईबापांना नेहमी 'तुम्ही' म्हणत, मग ते त्यांचेच जुने विद्यार्थी का असेनात. या वेळी मात्र वर्गातला 'तू' आला. "रामराव, नत्थुजी कशासाठी उभे राहायचे, सांग. पोरी कुठं जाऊ नये म्हणून? मले तिथं कोणी उभं राहिलं नसतं तं मी ह्या गाडीनं एक दिवसही आली नसती. थांबवाले कोणी लागत नाई रे. घरोघरी आहेत थांबवणारे. पोरी जाऊ शकाव्या म्हणून तो माणूस उन्हात उभा राहत होता. सकाळी मी दाराशी गेली तं तिले उतरवायलेच. पण माह्यानं थे झालं नाई."

गोठ्यात बैलाने मान हलवली, घंटा वाजली.

मग जमुना सुपाकडे पाहत म्हणाली, "डबा म्याच देल्ला तिले. मेथीचे पराठे."

रामराव हळूहळू तिच्याकडे वळला. "म्हंजे तुलेही माहीत. नीलमले माहीत. मॅडमले माहीत." त्याने मान हलवली. "वा. ह्या गावात मीच तेवढा परगावचा."

जमुनाने पदर तोंडाशी नेला. हसू होते की रडू, ते कळण्यासारखे नव्हते. रामराव फावड्याच्या दांड्यावरचा वाळलेला चिखल नखाने काढत राहिला. मग त्याने एकदम वर पाहिले.

"अमरावतीच्या स्टँडवर कोन उभं हाये?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

"अकोल्याच्या?"

"कोणी नाई," त्या म्हणाल्या. जिनिंगमधून शिकून गेलेल्या कितीतरी जणी अमरावतीत होत्या. एकीला फोन केला असता तर ती उभी राहिली असती. पोरीला जाऊ द्यायचे की नाही एवढ्याच विचारात रात्र गेली होती. ती पोहोचेल तिथे कोण असेल, हे त्यांना सुचले नव्हते. एवढी वर्षे ज्या कामाची सवय होती, तेच काम त्या दिवशी राहून गेले होते. रामरावच्या आरोपांपेक्षा या प्रश्नाने त्या अधिक खचल्या.

रामराव उठला. रांजणावर जाऊन पाय धुतले, खुंटीवरचा दुपट्टा गळ्यात टाकला, खिशातला फोन जमुनाजवळ दिला आणि मोटरसायकल अंगणाबाहेर काढली. "चला, मॅडम. तुमाले घरी सोडा लागते. आन सावरखेडच्या स्टँडवर तं कोनी पाह्यजे."

"नीलमच्या भावाले मी सांगतो, जाऊ नको म्हून. फोन करजा हो मॅडम," जमुना मागून म्हणाली. "माह्या जिवात जीव नाई."

सावरखेडला पोहोचेपर्यंत सूर्य बुडाला होता. स्टँडवरच्या चहावाल्याने दिवा लावला होता. बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन योगेश बसलेला होता.

"तू अजून इथं? अकोल्याले क्लास आहे ना तुहा?"

"होता," योगेश उठत म्हणाला. "तुमी म्हटलं गाडी सुटेपर्यंत थांब. सुटली. मंग वाटलं, थे पोट्टी येईन अकोल्याच्या गाडीनं, आन इथं उतरन तं कोनीच नसन." रामरावकडे पाहून तो जरा बिचकला. "मी वाणिज्य शिकवतो."

"म्हंजे हिशेबात पक्के असान," रामराव म्हणाला आणि बाकावर सरकून त्याला जागा करून दिली.

तिघे बसले. चहा आला. अंगावर गारवा येऊ लागला. एकदा रामराव म्हणाला, "म्हातारा रोजच असा बसत होता का?"

"उभा राहायचा," मॅडम म्हणाल्या. "बसलो तं डोळा लागते म्हणायचा."

त्यावर रामराव उठून उभा राहिला. पाठोपाठ योगेशही उठला.

अकोल्याची गाडी आली ती खच्चून भरलेली. माणसे उतरू लागली. पिशव्या, पोती, एक कडेवरचे झोपलेले मूल. मॅडम सवयीने दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आचल जवळजवळ शेवटी आली. तिने आधी मॅडमना पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. मग त्यांच्या मागे बापाला पाहिले आणि पायरीवरच ती थिजली. मागच्या माणसाने "उतरा ना बाई" म्हटले तरी तिचा पाय उचलेना.

रामराव पुढे झाला. मुलीकडे खालून वर पाहिले. सुरकुतलेला इस्त्रीचा ड्रेस, छातीशी धरलेली पिशवी.

"जागा भेटली का?"

आचलला प्रश्न कळला नाही. "काय?"

"गाडीत. जागा भेटली का बसाले?"

"अमरावतीहून भेटली. अकोल्यापासून उभीच आली."

"उतर मंग. पाय दुखत असतीन."

ती उतरली. बापाने तिच्या हातातली पिशवी घेतली. मॅडमकडे पाहून ती म्हणाली, "मॅडम, मी..." आणि थांबली. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "पुढच्या खेपेले मले असं खोटं बोलाले लावू नको," त्या म्हणाल्या. "मले येत नाई थे."

"धावाही लागते म्हणते, ह्या नोकरीत," रामराव मोटरसायकलला पिशवी अडकवत म्हणाला. पाठ त्यांच्याकडे होती.

"पेपर निघाला तं. नंतर धावण्याची चाचणी असते."

"कुठं?"

"अमरावतीलेच."

रामरावने पिशवीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली. "सांगजो मले. म्या नाई म्हटलेलं हाये, थे हायेच. पन स्टँडवर कोनी पाह्यजे."

त्याने गाडी चालू केली. आचल मागे बसली. मॅडमनी विचारले, "उद्या कॉलेजात येईन का?"

"गाडी वेळेवर आली तं येईन," रामराव म्हणाला. त्याच्या बोलण्यात कडूपणा होता, थकवा होता, आणि 'येईन'ही होते. मोटरसायकलचा लाल दिवा दापुऱ्याच्या रस्त्याला लागला.

योगेशने हेल्मेट घातले, पुन्हा काढले. "मॅडम, कधी तुमाले लवकर जायचं असन तं... गुरुवारी अकोल्याले माहा क्लास नसते. गुरुवारची गाडी माही ठेवा."

मॅडमनी मान हलवली. अकोल्याची गाडी रिकामी होऊन मागे सरत होती. ती वळून फाटकाबाहेर जाईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी फोन काढला आणि दापुऱ्याचा नंबर लावला. पहिल्या घंटीलाच पलीकडून उचलला गेला. "आली का?" जमुनाने विचारले.

"उतरली," संध्या मॅडम म्हणाल्या. "बापासोबत घरी येऊन राहिली."